एसीची पाठ कोण धुतो?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. ठाण्यातल्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात दीड टनाचा एसी १८ वर लावला तरी खोली गार होईना. दुपारी दोनला सुरू केला तर पाच वाजेपर्यंत नुसता वारा. मेकॅनिकला बोलावलं. त्याने इनडोअरसमोर क्षणभर तळहात धरला आणि निदान सांगून टाकलं, "गॅस कमी झालाय, टॉप-अप करावा लागेल." अडीच हजार रुपये मोजून गॅस भरून घेतला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. उलट आता भर दुपारी कम्प्रेसर मध्येच बंद पडायला लागला.

मग शेजारच्या काकांनी त्यांचे नेहमीचे मेकॅनिक पाठवले. साठीच्या आसपासचे गृहस्थ. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग तारखा विचारल्या: एसी कधी घेतला, शेवटची सर्व्हिस कधी, गॅस कधी भरला. मग वायरीभोवती क्लॅम्प मीटर अडकवला. आकडा आला ९.१ अँपिअर. आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर मात्र ७.४ लिहिलेलं. त्यांनी कमरेला पट्टा बांधला, खिडकीतून मोबाइल पुढे धरून आउटडोअरच्या मागच्या अंगाचा फोटो काढला आणि मला दाखवला. "ताई, जाळी तुम्ही धुता, इनडोअर आमची पोरं धुतात. याची पाठ कोण धुतो?"

फोटोत पातळ अॅल्युमिनियमच्या पात्या दिसायला हव्या होत्या. दिसत होती एक करडी गोधडी: धूळ, कबुतरांची पिसं, कोपऱ्यात घरट्याच्या काटक्या. समोरून पंखा अगदी स्वच्छ, त्यामुळे आजवर कुणाला शंकाच आली नव्हती. पाठ धुतली. आधी जादा भरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, आणि मग स्टिकरवरच्या वजनाइतकाच नव्याने भरला. म्हणजे आम्ही गॅस भरायचेही पैसे दिले आणि काढायचेही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशी गत.

त्या दिवसापासून मी एसीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. हा लेख त्या नजरेचा आहे. स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता घरच्या माणसाला काय काय पाहता येतं, काय करता येतं आणि कुठे थांबायचं, एवढंच यात सांगायचं आहे.

हमाल आणि त्याच्या तीन वाटा

एसी थंडी तयार करत नाही. तो हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तांब्याच्या नळीत फिरणारा गॅस ही त्याची पाटी. इनडोअरच्या कॉइलमध्ये गॅस उष्णता शोषून घेतो, बाहेरचा कम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो, आउटडोअरच्या कॉइलमध्ये तो ती उष्णता हवेत सोडतो आणि रिकाम्या पाटीने परत येतो.

'टन' हे या हमालीचंच माप. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उचलण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. आपला दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट वीज खाऊन पाच किलोवॅटच्या वर उष्णता बाहेर फेकतो.

हमालाची वाट अडवली तर त्याची ताकद असून उपयोग नाही. एसीच्या वाटा तीन. खोलीतली हवा कॉइलवरून जाते ती पहिली, बाहेरची हवा आउटडोअरमधून जाते ती दुसरी, आणि कॉइलवर जमलेलं पाणी निघून जातं ती तिसरी. घरगुती एसीच्या बऱ्याचशा तक्रारी या तीन वाटांवर सापडतात. गॅस हा शेवटचा संशयित. गंमत अशी की पहिली चौकशी नेहमी त्याचीच होते.

पहिली वाट: जाळी

इनडोअरचं पुढचं झाकण वर उचललं की दिसते ती जाळी, म्हणजे फिल्टर. रोज सहा-आठ तास एसी चालत असेल तर ती दर पंधरा दिवसांनी धुवायची. घर रस्त्याला लागून असेल, कुत्रं-मांजर असेल किंवा इमारतीत रंगकाम, तोडफोड चालू असेल तर आठवड्याला.

आधी एसीचं बटण बंद करा. नुसता रिमोट दाबून भागत नाही. जाळ्या काढताना कुठली डावी, कुठली उजवी, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग नळाखाली धरताना जाळी उलटी धरा. धूळ ज्या बाजूने बसली, त्याच्या विरुद्ध बाजूने पाणी सोडलं की ती आल्या वाटेने निघून जाते. पुढून पाणी मारलं तर तीच धूळ छिद्रांत घट्ट बसते. तेलकट थर असेल तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. वाळवायची सावलीत, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची; ओल्या जाळीला बुरशी लागते आणि तोच वास रात्री खोलीभर फिरतो. धुतलेली जाळी ट्यूबलाइटसमोर धरा. पलीकडचा उजेड सगळीकडून सारखा दिसला तर काम झालं. जाळीबरोबर कोळशाच्या किंवा तत्सम छोट्या पट्ट्या असतील तर त्या धुण्याआधी माहितीपुस्तिका बघा. सगळ्याच धुण्याजोग्या नसतात.

जाळी काढलेलीच आहे तर टॉर्च मारून आतल्या कॉइलकडेही बघून घ्या. पात्या चमकत असतील तर ठीक. त्यावर राखाडी साय दिसत असेल, किंवा हवा बाहेर पडते तिथल्या पट्ट्यांवर काळे ठिपके असतील, तर आतला ब्लोअरही बरबटलेला आहे असं समजा. ते काम मेकॅनिकचं. त्याला नुसती 'जेट सर्व्हिस' न सांगता ब्लोअर साफ करायला सांगा. तारेचा ब्रश कॉइलवर कधीही नको. पात्या कागदासारख्या पातळ असतात, वाकतात आणि बोटही कापतात.

एक साधी गोष्ट बऱ्याच घरांत हुकते. इनडोअर हवा खेचतो वरून आणि सोडतो खालून. त्याच्या डोक्यावर पीओपीचं छत किंवा माळा अगदी चिकटून आला तर तो सोडलेली गार हवाच पुन्हा खेचत बसतो. खोली गरम आणि एसी समजतो, आपलं काम झालं.

दुसरी वाट: पाठ

खिडकीबाहेर दिसणारा नेहमीचा आउटडोअर हवा मागून आणि एका बाजूने खेचतो आणि पुढून फेकतो. म्हणून कचरा मागे बसतो, आणि आपल्याला दिसतो पुढचा पंखा. इनडोअर धुणं सोपं, बाहेर लटकून पाठ धुणं अवघड. त्यामुळे घाईच्या सर्व्हिसमध्ये पाठ सुटते. सर्व्हिसनंतर मागच्या बाजूचे दोन फोटो मागा: धुण्याआधीचा आणि नंतरचा. ही मागणी कुणालाही अपमानास्पद वाटायचं कारण नाही.

बाहेरच्या हवेच्या वाटेत आपण स्वतःच किती अडथळे उभे करतो, तेही बघा. पुढे वाळत घातलेल्या चादरी. इमारत सुंदर दिसावी म्हणून आउटडोअरभोवती लावलेली आडव्या पट्ट्यांची पेटी. ग्रीलमध्ये त्याच्या शेजारी रचलेली खोकी आणि कुंड्या. भिंतीच्या आणि यंत्राच्या मध्ये किती मोकळी जागा हवी हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं; हात सहज जाईल एवढी तरी हवीच. ऊन लागू नये म्हणून वर छोटं छप्पर चालेल, चहूबाजूंनी आडोसा नको. पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळून एसी चालवणं म्हणजे पळणाऱ्याच्या नाकातोंडावर रुमाल बांधणं. आउटडोअर पावसात भिजण्यासाठीच बनवलेला असतो.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेचा वेगळा जाच आहे. मीठ पात्या पोखरतं, स्टँडचे नटबोल्ट गंजवतं. तिथे साध्या पाण्याने पाठ वर्षातून दोन-तीनदा धुवून घ्यावी आणि दर पावसाळ्यानंतर लोखंडी स्टँड तपासावा. गंजलेल्या स्टँडवरचा चाळीस किलोचा डबा खालच्या रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर टांगलेला असतो, हे विसरू नये. विदर्भ-मराठवाड्यात मीठ नाही, पण फुफाटा आहे. तिथे उन्हाळ्याच्या मध्यावर पाठ पुन्हा एकदा धुवावी लागते.

कबुतरांसाठी जाळी लावा, पण हवा अडणार नाही अशी. आणि पालीला विसरू नका. उबदार पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, चढलेली एक पाल दोन टोकं जोडते, स्वतः मरते आणि बोर्डही जाळते. वायर जिथून आत जाते ती भोकं बुजवून घेणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

आउटडोअर गच्चीवर किंवा अंगणात, हाताशी असेल तर वीज बंद करून बागेच्या पाइपने हलक्या धारेने तुम्हीही पाठ धुऊ शकता. खिडकीबाहेर लटकत असेल तर अजिबात नाही. वाकूनही नाही, 'एकदाच' म्हणूनही नाही.

तिसरी वाट: पाणी

दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दोन लिटर पाणी काढू शकतो. हे पाणी हवेतलंच. गार तांब्याभोवती जसं दव धरतं तसं कॉइलवर जमतं आणि खालच्या ट्रेमधून ड्रेन पाइपने बाहेर जातं. ट्रे नेहमी ओला आणि अंधारात असतो, म्हणून त्यात धूळ मिसळून शेवाळासारखा गिळगिळीत थर तयार होतो. तो पाइपच्या तोंडाशी बसला की पाणी भिंतीवरून खाली येतं. भिंतीवर ओघळ दिसला की लोक 'एसी लीक झाला' म्हणतात आणि पुन्हा गॅसवर गाडी येते. या पाण्याचा गॅसशी सहसा संबंध नसतो.

पाणी आत पडायला लागलं तर क्रमाने बघा. पहिलं, बाहेर पाइपच्या टोकातून पाणी येतंय का? येत नसेल तर पाइप तुंबला. दुसरं, ते टोक बादलीत बुडलंय का? बुडलेलं टोक हवा कोंडतं आणि पाणी मागे ढकलतं. टोक पाण्याच्या वरच हवं. तिसरं, पाइप मध्ये कुठे लोंबकळून झोळ पडलाय का? पाण्याला उतार लागतो, झोळात कचरा साठतो. चौथं, जाळी तुंबलीय का? जाळी तुंबली की कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की एकदम धार लागते. एवढं पाहूनही पाणी थांबलं नाही तर मेकॅनिकला सांगा, इनडोअर लेव्हलला आहे का बघा. विंडो एसी असेल तर तो मागच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला किंचित कललेला असायला हवा.

हे पाणी फरशी पुसायला, गॅलरी धुवायला उत्तम. पिऊ नये, आणि 'शुद्धच तर आहे' म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीतही ओतू नये. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात.

गॅस: शेवटचा संशयित

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. नळ्यांचं जाळं बंदिस्त आहे. कारखान्यातून भरून आलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरायला हवा. तो खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता केलेला टॉप-अप म्हणजे फुटक्या माठात पाणी. 'दर उन्हाळ्याला थोडा गॅस भरावाच लागतो' असं म्हणणाऱ्याला नम्रपणे दार दाखवा.

गॅस कमी असल्याच्या काही खुणा घरच्या माणसालाही कळतात. जाळी स्वच्छ असूनही इनडोअरच्या कॉइलच्या एकाच भागावर बर्फ धरतो. आउटडोअरच्या बारीक नळीवर पांढरं दव-बर्फ दिसतं. नळीच्या जोडाशी तेलकट डाग पडतो, कारण गॅसबरोबर कम्प्रेसरचं तेलही झिरपतं. यातलं काही दिसलं तर ते मेकॅनिकला सांगा आणि पुढचं काम या क्रमाने करून घ्या: आधी गळती शोधणं (जोडांना साबणाचं पाणी लावून किंवा नायट्रोजन भरून), मग दुरुस्ती, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढणं, आणि शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस. गळती शोधायला कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर तिथेच थांबवा. कम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो.

स्टिकरवर गॅसचं नावही असतं. जुन्या यंत्रांत आर-२२. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. नंतरच्यांत आर-४१०ए, अलीकडच्या बहुतेकांत आर-३२, काहींत आर-२९०. आर-२९० म्हणजे प्रोपेन, सहज पेट घेणारा; आर-३२ही सौम्य ज्वलनशील. म्हणून गॅसचं काम चालू असताना खिडक्या उघड्या, देवाजवळची समई विझलेली आणि कुणाच्या हातात सिगारेट नाही, एवढं बघायचं. एका गॅसच्या यंत्रात दुसरा गॅस भरायचा नाही. 'सगळे सारखेच असतात' हे खरं नाही.

घरच्या घरी दहा अंशांची परीक्षा

तळहाताचा अंदाज बाजूला ठेवा. ऑनलाइन किंवा दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. खोली बंद करून एसी कूल मोडवर, सर्वांत कमी तापमानावर आणि पंखा पूर्ण वेगात, असा पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. इनडोअर वरून जी हवा खेचतो तिचं तापमान मोजा, मग खालून सोडतो तिचं. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर हमाल तब्येतीत आहे. भर पावसाळ्यात फरक थोडा कमी येतो, कारण त्याची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. फरक चार-पाच अंशांचाच असेल तर जाळी आणि पाठ साफ करून परीक्षा पुन्हा घ्या. तरीही तोच आकडा आला, तर मेकॅनिकला बोलावायची वेळ झाली.

फरक चांगला आहे आणि तरी खोली गार होत नाही, असंही घडतं. तेव्हा दोष यंत्राचा नाही. गच्चीखालची खोली, पश्चिमेची काच, दाराखालची फट, सतत उघडणारं स्वयंपाकघराचं दार, किंवा दोनशे फुटांच्या खोलीवर लावलेला एक टनी एसी. जाड पडदा आणि दाराला पट्टी लावून बघा. नागपुरासारख्या ठिकाणी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिल्याने वरच्या मजल्याला खरा फरक पडतो. आणि हो, कूलर आणि एसी एकत्र लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी ते काढतो. दोघांची रात्रभर ओढाताण आणि बिल तुमचं.

तक्रार कोणती, बघायचं काय

*एसी सुरूच होत नाही.* रिमोटचे सेल बदला. रिमोटच्या टोकावर मोबाइलचा कॅमेरा धरून बटण दाबा. बऱ्याच फोनच्या पडद्यावर तिथला दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. मग एमसीबी, स्टॅबिलायझर, आणि चुकून लागलेला टायमर.

*पंखा फिरतो, पण हवा गार नाही.* रिमोटवर बर्फाच्या फुलीचं चिन्ह आहे का? मोड 'फॅन' किंवा 'ड्राय' वर गेलेला असू शकतो. चिन्ह बरोबर असेल तर बाहेर कान द्या. बंद करून लगेच सुरू केला असेल तर कम्प्रेसर तीन-चार मिनिटं मुद्दामच थांबतो. त्यानंतरही नुसती घुं-घुं येऊन 'टक' असा आवाज होऊन बंद होत असेल तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी. भाग किरकोळ किमतीचा, पण वीज बंद केल्यावरही त्यात शॉक बसेल एवढा भार राहतो. झाकण आपण उघडायचं नाही. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डात तर तो याहून धोकादायक असतो.

*कॉइलवर बर्फ.* एसी कूलवर चालवत राहू नका. फॅन मोडवर ठेवा, तासा-दोन तासांत बर्फ वितळेल. टोकदार वस्तूने खरवडू नका, नळीला भोक पडेल. मग जाळी धुवा. पुन्हा बर्फ धरला तर मेकॅनिक.

*कुबट वास.* ओल्या कॉइलवरची बुरशी. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फॅन मोडवर चालवून कॉइल वाळवायची सवय लावा. नव्या यंत्रांत हे आपोआप करणारं बटण असतं. जळकट वास आला तर मात्र विचार करत बसायचं नाही, एमसीबी खाली.

*आवाज.* सुरू-बंद होताना गॅसचा खळखळाट, प्लास्टिकचा कट्-कट् आवाज हे नेहमीचं. पत्रा वाजणं म्हणजे ढिला स्क्रू. किरकिर किंवा घासल्यासारखा आवाज पंख्याच्या बेअरिंगचा किंवा काहीतरी अडकल्याचा. तो वाढायच्या आत दाखवा.

*पडद्यावर कोड.* त्याचा फोटो काढा, एमसीबी पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करा. कोड परत आला तर फोटो मेकॅनिकला आधीच पाठवा, म्हणजे तो योग्य भाग घेऊन येईल. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, त्यामुळे दुसऱ्याच्या एसीचा अर्थ आपल्याला लावू नका.

वायर, प्लग आणि एमसीबी

एसीला स्वतंत्र लाइन हवी. दीड टनासाठी साधारणपणे चार एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डावर एसी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. महिन्यातून एकदा, एसी तासभर चालल्यानंतर, तो बंद करून प्लगच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. पिनेभोवती तपकिरी डाग दिसला तर सॉकेट ढिलं आहे. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत एसी बंद.

एमसीबी सुरू करताक्षणी पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. दोनदा-तीनदा वर ढकलून बघू नका. काही वेळाने पडत असेल तर ढिली वायर, थकलेला एमसीबी किंवा ओझ्याखाली दबलेला कम्प्रेसर. 'मोठा एमसीबी टाकून देतो' या सल्ल्यापासून दूर राहा. एमसीबी वायरीचा राखणदार आहे; तो मोठा केला की वायर जळेपर्यंत गप्प बसेल. व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या गावांत स्टॅबिलायझर हवाच. काही इन्व्हर्टर एसींना तो लागत नाही, पण किती ते किती व्होल्टपर्यंत, हे माहितीपुस्तिकेत वाचूनच ठरवा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की एसीची लाइन बंद.

बिलाचं गणित

१ जानेवारी २०२० पासून भारतात तारांकित एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर येतात. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे हे तारे देणारी बीईई सांगते. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. नुसता थांबायचा मुक्काम लांब जातो. २६ आणि छताचा पंखा हळू, ही जोडी करून बघा. पंखा हवा गार करत नाही, पण अंगावरून वारा गेला की तेच २६ आपल्याला बरेच कमी वाटतात.

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या दीड टनी एसीवर रोज आठ तास झोपलं तर महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट सहज जातात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतात. एरवी दीडशे-दोनशेत राहणारं घर एसीमुळे ३०० ची पायरी ओलांडतं आणि पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. धुतलेली पाठ आणि दोन अंश यांचा फायदा नेमका त्या महाग युनिटांत होतो.

मेकॅनिक दारात आल्यावर

'सर्व्हिस करा' एवढंच न सांगता चार गोष्टी सांगा: इनडोअरची कॉइल आणि ब्लोअर, ड्रेन पाइप, आउटडोअरची पाठ, आणि शेवटी अँपिअरचा आकडा. साध्या एसीत आकडा स्टिकरपेक्षा बराच वर असेल तर पाठ मळलीय किंवा गॅस जास्त झालाय. बराच खाली असेल तेव्हा गॅस कमी असल्याची शंका घ्यायची. इन्व्हर्टर एसीत हा आकडा कामाप्रमाणे बदलतो, तिथे दहा अंशांची परीक्षा जास्त भरवशाची.

बदललेला जुना भाग मागून घ्या. बिलावर कामाचं नाव आणि गॅसचं वजन लिहून घ्या. वार्षिक करार करत असाल तर त्यात गॅस, पीसीबी आणि कम्प्रेसर धरलेत की नुसती धुलाई, हे वाचा. वॉरंटीतल्या यंत्राला बाहेरच्या माणसाचा हात लावण्याआधी कंपनीला फोन करा. फसवणूक झाली आणि दाद मिळेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण तिथेही कागदच बोलतो.

आणि बाहेर लटकून काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला पट्टा आहे का, तो नीट कशाला बांधलाय, हे आपण विचारायचं. नसेल तर काम दुसऱ्या दिवशी. एक दिवस घामात झोपल्याने काही बिघडत नाही.

वर्षाची आखणी

आपल्या सणांत एसीचं वेळापत्रक आयतंच बसतं. होळी ते पाडवा या दिवसांत मोठी सर्व्हिस: मेकॅनिक मोकळे असतात आणि घाई नसते. मेमध्ये पाठ एकदा डोळ्यांखालून घालायची. पावसाळा संपता संपता, दसऱ्याच्या साफसफाईत, ड्रेन पाइप आणि स्टँड. कारण पुढे ऑक्टोबरचा उकाडा उभा असतो. थंडीत एसी बंद ठेवण्याआधी तासभर फॅन मोडवर वाळवायचा, एमसीबी खाली करायचा आणि रिमोटमधले सेल काढून ठेवायचे.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. डाव्या रकान्यात जाळी धुतल्याच्या तारखा, उजव्यात सर्व्हिसची तारीख आणि अँपिअर. गेल्या वर्षी पाठ धुतल्यावर तिथे ७.२ लिहिलं होतं. यंदा पाडव्याच्या आठवड्यात सर्व्हिसला एक नवा मुलगा आला. काम आटोपून हात पुसता पुसता म्हणाला, "ताई, गॅस थोडा बघू का? वर्ष झालंय ना." मी म्हटलं, आधी मीटर लाव. आकडा आला ७.३. मी कपाटाचं दार उघडलं आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्याने दोन्ही आकडे पाहिले, हसला, आणि गॅसचा सिलिंडर उचलून पुन्हा पिशवीत ठेवला.